जिप्सीची उंची

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या सिग्नलला अडकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक रस्ता असतो. कुणाचा लडाखचा, कुणाचा तारकर्लीचा. माझा त्या मानाने अगदीच घराजवळचा. पौड, मुळशीचा तलाव, ताम्हिणी, मग निव्यापाशी उजवीकडे वळून पिंपरी, भांबर्डे आणि पुढे घनगड, तैलबैला करत थेट लोणावळा. पावसाळ्यात हा रस्ता म्हणजे फुल टू स्वर्ग! ढग बोनेटवर येऊन बसतात, तैलबैल्याच्या दोन कातळभिंती मध्येच दिसतात, मध्येच गायब होतात. आणि हो, खड्डेही तितकेच दिलदार.

या रस्त्यावरून दीड किलोमीटर आत माझ्या मावशीची वाडी आहे. डांबर फाट्यावरच संपतं. आई दर श्रावणात बहिणीकडे जाते आणि तिला नेण्याचं काम बाबांच्या जिप्सीचं. २००३ सालची गाडी. बाबा गेले, तेव्हा गाडी आणि हे काम दोन्ही माझ्याकडे आलं. गेल्या श्रावणात मात्र तिसऱ्याच वळणावर गाडीचं बूड टेकायला लागलं. आई खाली उतरली आणि उरलेला रस्ता एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माझा खांदा, असा चालत गेली. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या नवीन आहेत. ती काहीच बोलली नाही. परत येताना फक्त म्हणाली, ‘‘पुढच्या वर्षी फोनवरच बोलू म्हणते.’’

झालं! गाडी उंच करायचीच, हे त्या दिवशी ठरलं.

चार इंच मार, बॉस!

जुनी एसयूव्ही उंच करायची म्हटलं की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सल्ल्यांचा पाऊस पडतो. एकाने सांगितलं, ‘‘लांब शॅकल टाक, स्वस्तात काम.’’ दुसरा म्हणाला, ‘‘पाटे एक्सलच्या खाली आहेत ना? वर घे. पाच इंच फुकटात!’’ तिसऱ्याचं म्हणणं, नुसते मोठे टायर घाल, गाडी रणगाड्यासारखी दिसेल. गंमत म्हणजे, गाडी टेकते कुठे, हे कुणीच विचारलं नाही.

तुमच्या गाडीबद्दल हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. कारण ‘उंची’ ही एक गोष्ट नाही, दोन आहेत. जिप्सीसारख्या गाडीत पुढे-मागे सलग, आडवा एक्सल असतो आणि त्याच्या पोटात डिफरन्शियलचा गोळा. गाडीचा सगळ्यात खालचा भाग तोच. जिप्सीचा २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात तो या गोळ्याखालचा. आता पाटे कितीही उंच करा, हा गोळा जागचा हलत नाही, कारण पाटे उचलतात ते बॉडीला. गोळ्याला उचलतं फक्त टायर. म्हणजे गोळा दगडावर आपटत असेल तर प्रश्न टायरचा. सायलेन्सर आणि मागचा हुक घासत असेल तर प्रश्न पाट्यांचा. आणि खड्ड्यात ‘धाड’ असा आवाज येऊन कमरेत कळ जात असेल, तर पाटे आणि शॉकअप दोघेही दमलेत.

टेप घेऊन सहल

जूनमध्ये एका रविवारी बाइक काढली आणि खिशात मेजरिंग टेप टाकून वाडीचा रस्ता गाठला. ताम्हिणीत लोक धबधब्याखाली फोटो काढत होते आणि मी चिखलात उकिडवा बसून चाकोरी मोजत होतो! दोन चाकांच्या चाकोऱ्या खोल गेल्या की मध्ये मातीचा कणा उरतो. त्यावरच गोळा टेकतो. बहुतेक ठिकाणी हा कणा १६ ते १८ सेंटिमीटर भरला. ओढ्याजवळ एका जागी २४. तिथे चाक चाकोरीत न घालता सरळ कण्यावर चढवायचं, हे वाडीतल्या ट्रॅक्टरवाल्याने दाखवलं. त्याचे चाकांचे ठसे तसेच होते.

म्हणजे हिशोब सोपा निघाला. २१ सेंटिमीटर असलेली गाडी १८च्या कण्यावरून गेली पाहिजे. मग बूड का टेकलं? घरी येऊन गाडी सपाट फरशीवर लावली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोजलं. मागची बाजू पुढच्यापेक्षा बसलेली, त्यातही ड्रायव्हरची बाजू आणखी खाली. पाट्यांकडे पाहिलं, तर कमान नावालाही नाही. सरळ पट्टी!

हडपसरच्या पुढे सोलापूर रोडला ट्रकचे पाटे बदलणाऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी खाली वाकून पाहिलं, हात पुसले आणि एकच प्रश्न टाकला, ‘‘साहेब, गाडी उंच करायचीय का सरळ करायचीय?’’

मला वाटतं, लिफ्टबद्दलचं सगळं शहाणपण या एका वाक्यात आहे. वीस वर्षांच्या गाडीने स्वतःची उंची हळूहळू गमावलेली असते. नवीन उंची विकत घेण्याआधी हरवलेली परत मिळवा. बऱ्याचदा तेवढीच पुरते.

आधी टायर

खरेदीचा क्रम मात्र उलटा ठेवा. टायर आधी ठरवा, मग पाटे, शेवटी शॉकअप. कारण टायर किती मोठा, यावर तो मडगार्डला घासणार की नाही हे ठरतं, आणि त्यावर पुढचं सगळं.

जिप्सी किंगचा मूळ साइझ २०५/७० आर १५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, रिम १५ इंची. गणित केलं तर टायरची एकूण उंची साधारण ६६८ मिलिमीटर. २३५/७५ घातला तर ती ७३३ होते. ऐकायला भारी! पण गोळा उचलला जातो त्याच्या निम्माच, म्हणजे जेमतेम ३३ मिलिमीटर. बदल्यात काय जातं? स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ने पळत असते. प्रत्येक गिअर लांब झाल्यासारखा होतो, म्हणजे ताम्हिणी चढताना १३०० सीसीचं इंजिन दुसऱ्यावरून पहिल्यावर विनवण्या करत येतं. चाकं जड झाल्यामुळे ब्रेकचं काम वाढतं ते वेगळंच.

दुसरा मोह नक्षीचा. मड टेरेन टायर दिसायला खतरनाक. पण माझ्या प्रवासात घर ते फाटा डांबर आणि चिखल फक्त दीड किलोमीटर. मड टायरच्या मोठ्या ठोकळ्यांमुळे ओल्या डांबरावर पकड कमी मिळते आणि आवाज इतका, की आईला गाणी ऐकू येणार नाहीत. म्हणून मूळ साइझमध्येच ऑल टेरेन घेतले. जुने गुळगुळीत होते. नव्यांच्या नक्षीमुळे झिजलेले मिलिमीटर परत आले, तेही गोळ्याखाली. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का नक्की वाचा. ३४२४ असेल तर तो २०२४ सालच्या ३४व्या आठवड्यात बनलाय. दुकानात तीन वर्षं झोपलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

पाटे आणि पाट

पाट्यांसाठी पहिली चक्कर नाना पेठेत. ज्यांनी ही पेठ फक्त लक्ष्मी रोडवरून ऐकलीय, त्यांनी एकदा जाच. स्पेअर पार्टच्या दुकानांना दुकानं लागलेली, फळीवर क्लच प्लेटांच्या चळती, वर टांगलेले सायलेन्सर, आणि काउंटरमागचा माणूस तुम्ही वाक्य पूर्ण करायच्या आत पार्ट समोर ठेवतो. हा आमच्यासाठी मॉलच! फक्त एसी नाही आणि चहा फुकट.

इथे तीन पर्याय पुढे आले. एक, जुनेच पाटे ठोकून त्यांना पुन्हा कमान आणायची. सगळ्यात स्वस्त, पण थकलेलं पोलाद ठोकून तरुण होत नाही. काही महिन्यांत पुन्हा बसतं. दोन, सेटमध्ये एक जादा पाटा घालायचा. उंची मिळते, पण स्प्रिंग कडक होते. कायम सामान लादणाऱ्याला हे ठीक. पण हजार किलोच्या आसपासची गाडी, आत दोन माणसं आणि एक डबा, मग ती रिकाम्या टेम्पोसारखी उडते. तीन, मूळ मापाचा नवा सेट.

स्प्रिंग निवडताना किती इंच हवेत असं विचारू नका, किती किलो नेता असं विचारा. मी वजन लिहून काढलं. आई, मी, मागे मावशीसाठी तांदळाची पिशवी आणि परतताना तिने दिलेलं त्याच्या दुप्पट काहीतरी. यासाठी मूळ सेट पुरेसा होता. चार इंचवाला पर्याय तर एका दुसऱ्या मापानेच बाद झाला. आईला त्या उंचीवर चढायला पायाखाली पाट लागला असता. जिला नेण्यासाठी गाडी उंच करायची, तिलाच चढता येत नाही, मग ती उंची कुणासाठी?

लांब शॅकलचंही सांगतो. शॅकल दोन इंच लांबवली तर गाडी उचलली जाते एकच इंच, आणि एक्सल थोडा फिरतो. मग स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडतो. पाटे एक्सलच्या वर घेतले तर स्टिअरिंगचे रॉड आणि ब्रेकचे पाइप पुरवावे लागतात. गाडीचा भार वर जातो, पण दोन चाकांमधलं अंतर तेवढंच राहतं. घाटातल्या वळणावर हा हिशोब जिवाशी येतो.

शॉकअप म्हणजे लगाम

शॉकअप गाडी उचलत नाही. स्प्रिंग उसळते, शॉकअप तिला आवरतो. त्यामुळे तो स्प्रिंगला साजेसा हवा. नव्या पाट्यांना जुना शॉकअप म्हणजे तरुण घोड्याला सुतळीचा लगाम. उलट, मऊ स्प्रिंगला फार कडक शॉकअप लावला तर चाक खड्ड्यात उतरायलाच तयार होत नाही.

उंच केलेल्या गाडीत लांबी मोजणं सक्तीचं. पूर्ण दाबलेला शॉकअप बंप स्टॉपच्या रबराआधी संपता कामा नये, नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा मार तोच खातो. आणि चाक पूर्ण खाली लोंबलं तरी त्याला ताण बसता कामा नये. माझी उंची मूळचीच असल्याने मूळ लांबी चालली. मी गॅस भरलेले घेतले. सलग खडबडीत रस्त्यावर आतलं तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. गॅसच्या दाबामुळे तो फेस कमी होतो.

आरटीओचं काय?

कॅन्टीनमधल्या चर्चेत हा विषय निघतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली. प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं. आमची पुढची तारीख २०२८. चार इंच वर गेलेली गाडी घेऊन त्या रांगेत उभं राहायची हौस मला नाही. अपघात झाला तर विम्याची फाइलही याच पानावर अडू शकते. मूळ मापाचे नवे पाटे, नवे शॉकअप, मूळ साइझचे टायर, ही मात्र दुरुस्ती. छाती पुढे काढून करा.

नवे पाटे बसल्यावर मागची बाजू तीन सेंटिमीटरहून थोडी जास्त वर आली. शेजारचे काका म्हणाले, ‘‘अरे वा, लिफ्ट केलीस?’’ मी हसलो फक्त.

श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी निघालो. फाट्यावर फोर व्हील ड्राइव्ह लावला, पहिला गिअर टाकला. तिसरं वळण आलं. खालून काहीच आवाज नाही. ओढ्यापाशी चाक कण्यावर चढवलं, गाडी तिरकी झाली, आईने दांडी धरली आणि म्हणाली, ‘‘हळू रे, डब्यात पुरणपोळ्या आहेत.’’ मावशी अंगणात उभी होती. आई दारापर्यंत गाडीतून आली, स्वतःच्या पायांनी खाली उतरली. पाट लागला नाही.

जाता जाता

गॅरेजला जाण्याआधी हे खिशात ठेवा:

• गाडी सपाट जागी लावून चारही चाकांवरची उंची मोजा आणि लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा मोजा.

• पाट्यांसोबत बुश आणि यू-बोल्ट नवेच घ्या. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात.

• बुशचे बोल्ट गाडी जॅकवरून उतरवून, वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळून घ्या. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

• पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासा. व्हील अलाइनमेंट करायचीच.

• आणि मिस्त्रींचा प्रश्न आधी स्वतःला विचारा. उंच करायचीय का सरळ?