चिंचोका, सरकी, सरकी

घनसावंगी, मंगळवार. आज बालवाडीत सतरंजीवर मांडलं: चिंचोका, सरकी, सरकी, चिंचोका, सरकी, सरकी. "पुढं काय?" पाच वर्षांची चिमुरडी थबकली. बोट ठेवत पहिल्यापासून म्हणत आली आणि अचूक चिंचोका ठेवला. शेजारचा पोरगा म्हणाला, "बाई, हे आमच्या रानासारखंय! कापसाच्या चार ओळी, मग तुरीची एक."

आकृतिबंध म्हणजे हेच: पुन्हा पुन्हा काय येतं, ते ओळखणं. पाढ्यांची लयही इथूनच उमगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हाही पानं, खडे, शिंपले हेच साहित्य होतं.

पालकांनो, उत्तर सांगायची घाई करू नका. लेकराला आधी मोठ्यानं म्हणू द्या.