पडवीतलं जू

पावसाळ्यात आमचं बैलगाडा शर्यतीचं जू पडवीत दोन खुंट्यांवर आडवं असतं. अंगाला जवसाचं तेल लावलेलं, शिवळा काढून कोनाड्यात ठेवलेल्या, जोती गुंडाळून वर टांगलेली. वैशाखातली शेवटची जत्रा झाली की ते तिथं चढतं आणि रानं वाळल्यावरच खाली उतरतं. घरी आलेला माणूस आधी त्याच्याकडं बघतो, मग चहाचा कप हातात घेता घेता आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारतो, "यंदा उजवीकडं कोण?"

ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत शिरूर तालुक्यात हा प्रश्न दारोदार फिरत असतो. टाकळी हाजी, कवठे यमाई, मलठण, पाबळ, केंदूर, कुठंही जा. जत्रेत गाडा घाट चढतो ते 11-12 सेकंद लोकांना दिसतात. निवेदकाचं "भिर्रर्र" ऐकू येतं, घड्याळाचा आकडा दिसतो. पण त्या सेकंदांचं खरं काम पावसाळ्यात होतं. कुठला बैल ठेवायचा, कुठला द्यायचा, कुणाच्या गोठ्यातला मागायचा, घरच्या खोंडाला संधी द्यायची की अजून एक वर्ष थांबायचं, हे सगळं तेव्हा ठरतं, आणि आमच्या घरी ते या जुवाच्या खाली बसून ठरतं.

शेतीच्या जुवापेक्षा हे सडपातळ आहे. नांगराच्या जुवाला भार पेलायचा असतो, याला हलकं राहून टिकायचं असतं. आबांनी ते गावच्या सुतारमामांकडून करून घेतलं, तेव्हा मामांनी आधी बैलांची उंची मोजली, मानेचा घेर पाहिला, दोघांना शेजारी उभं करून मागून एक डोळा मिटून बघितलं आणि मगच लाकडाला हात लावला. बैल चार आले-गेले, पण जू तेच आहे. त्याची डावी खाच उथळ आहे. उजवी मात्र खोल आणि इतकी गुळगुळीत, की बोट फिरवलं तर लाकूड आहे हे विसरायला होतं. कुठला बैल किती जोर लावून पळाला, हे तिथं कोरलेलं आहे.

घाटातल्या गाड्याला चार बैल, म्हणजे दोन जोड्या, आणि पुढं एक घोडी. चारही बैल एकाच घरचे असणं आता फार कमी झालंय. बहुतेक गाडे दोन-तीन घरं मिळून जमवतात. जुकाट आणि कांडं या दोन जोड्यांच्या जागा; जुकाटाला कुणाचे आणि कांड्याला कुणाचे, यावर पावसाळाभर खल चालतो. आमच्या घराकडं एक जोडी आणि हे एक जू. त्यामुळं आमची चिंता दोन जागांची, पण चिंता दोघांची असो की चौघांची, तिला वजन सारखंच असतं.

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम शरदात संपतो आणि मग हिवाळाभर कोणता खेळाडू कुठल्या संघात जाणार याची चर्चा रंगते. पूर्वी लोक दुकानातल्या तापलेल्या शेगडीभोवती बसून या गप्पा मारत, म्हणून त्या चर्चेला तिकडं शेगडीचंच नाव पडलंय. मला हे वाचताना आमची पडवी आठवली. फरक एवढाच की खेळाडूला करार वाचता येतो, हो-नाही म्हणता येतं. बैलाला कुणी विचारत नाही. त्याच्या वतीनं जे काही बोलायचं, ते जू बोलतं.

जू बोलतं म्हणजे काय, ते सांगतो. जोडी सोडली की मागं उभं राहून जुवाकडं बघायचं. बैलांकडं नाही. एक बैल अर्धं पाऊल पुढं गेला की जू तिरकं होतं. एक बुटका असेल तर त्याच्या बाजूला कलतं आणि सगळा भार त्याच्या खांद्यावर येतो. एक पळतोय आणि दुसरा नुसता ओढला जातोय, तर जू झटके देतं. दोघांचं मन आणि पाय जमले, तर ते गाड्यापुढं पाटावर ठेवलेल्या ताटासारखं सरळ जातं. लाखांची बोली लागलेला बैल आमच्या जुवाखाली आला आणि जू तिरकं गेलं, हे मी पाहिलंय. तसाच कुणी ढुंकून न पाहिलेला खोंड आला आणि जू सरळ झालं, हेही पाहिलंय. एकट्या बैलाचा वेग जुवाला कळत नाही. त्याला जोडी कळते.

म्हणून डावा-उजवा खांदा इतका महत्त्वाचा. माणूस जसा डावखुरा असतो, तसा बैल एका खांद्याचा असतो. डाव्या खांद्याला वाढलेला बैल उजवीकडं जुंपला की बावचळतो, मान आत घालतो. दोन्ही खांदी पळणारा बैल दुर्मीळ, आणि त्याची किंमत तशीच. आमचा हरण्या पक्का डाव्या खांद्याचा. सोन्या उजव्या खांद्याचा. सोन्याला 2022 मध्ये चाकणच्या बाजारातून आणला तेव्हा तो नुकताच जुळला होता, म्हणजे आठही दात पूर्ण झाले होते. खिल्लार, पांढराशुभ्र, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा. चार हंगाम तो उजवीकडं पळाला. गेल्या चैत्रात मात्र जू तिरकं जायला लागलं. आधी कुणाला दिसलं नाही. आबांना दिसलं, पण ते बोलले नाहीत.

सोन्याच्या आधी त्या जागी राजा होता. उजवी खाच खोल व्हायला लागली ती त्याच्यापासून. त्याचा एकच खरा हंगाम झाला, 2014 चा. त्या वर्षी 7 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शर्यती बंद झाल्या. त्याआधी 2011 मध्ये केंद्र सरकारनं खेळ-प्रदर्शनात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला होता, तेव्हापासून गाडामालकांचा जीव टांगणीलाच होता. 2017 मध्ये महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयानं शर्यतींना स्थगिती दिली. परवानगी आली ती 16 डिसेंबर 2021 ला, आणि घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं 18 मे 2023 ला. या तारखा आमच्या भागातल्या पोरांना परीक्षेतल्या सनावळीपेक्षा जास्त पाठ आहेत.

मे 2014 ते डिसेंबर 2021. साडेसात वर्षं. बैलाचं पळायचं वय साधारण तेवढंच असतं. राजा चौसा असताना जू खुंटीवर चढलं आणि परवानगी आली तेव्हा तो म्हातारा झाला होता. त्या काळात गावातल्या कितीतरी गोठ्यांतले बैल गेले. खुराक परवडेना, पळवायचं नाही तर पोसायचं कशासाठी, असं लोक म्हणत. आबांनी राजाला शेतात हलक्या कामाला लावला, पण त्यासाठी दुसरं जू वापरलं. हे खाली काढलं नाही. दर पोळ्याला मात्र ते पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून परत खुंटीवर ठेवायचे. मी एकदा विचारलं, "आता काय उपयोग?" ते म्हणाले, "त्याला सवय राहू दे."

परवानगी आली ती अटींसह. चाबूक नाही, काठी नाही, टोचणी नाही, विजेचा झटका नाही. मला या अटी मनापासून पटतात. ज्यांनी बैलाला टोचून पळवलं, त्यांनीच ही बंदी ओढवून घेतली. चांगल्या जोडीला आरोळी पुरते. जू सरळ असेल तर काठी लागतच नाही, आणि तिरकं असेल तर काठीनं ते सरळ होत नाही.

आता यंदाचं. उजव्या जागेसाठी तीन वाटा होत्या.

एक, नवा बैल घ्यायचा. शनिवारी चाकण किंवा काष्टी गाठायचं, दात बघायचे, खूर बघायचे, चार जणांकडून माहिती काढायची. थोरल्या भावाचा कल तिकडं होता. त्याच्या मोबाईलमध्ये दहा बैलांचे व्हिडिओ होते. व्हिडिओत प्रत्येक बैल वाऱ्यासारखाच पळतो.

दुसरी वाट घरची. आमच्या गाईचा खोंड, कान्हा, अजून आदत, दुधाचे दात आहेत. आईनं त्याला हातानं वाढवलाय. पाऊस थांबला की ओढ्याकाठी त्याला फिरवायची, पोहायला घालायची. "सोन्याच्या शेजारी एक वर्ष शिकू दे," असं तिचं म्हणणं. ते ऐकायला बरं वाटतं, पण सोन्याच्या शेजारी उभं राहायचं तर कान्ह्याला डावीकडं जुंपावं लागेल, आणि डावीकडं हरण्या आहे. आईनं त्यावरही उत्तर शोधलं होतं: सरावाला दोन्ही जोड्या आळीपाळीनं धरा, खोंडाचा खांदा कोणता ते त्यालाच ठरवू दे.

तिसरी वाट भीमेपलीकडची. न्हावऱ्याकडून पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो, आणि शर्यतीची रीतही बदलते. आमच्याकडं घाट, चार बैल, एका वेळी एकच गाडा आणि समोर घड्याळ. तिकडं बारामती-साताऱ्याकडची रीत: सपाट मैदान, दोन बैलांची छकडी, वर ड्रायव्हर, शेजारच्या तासांत, म्हणजे पट्ट्यांत, आणखी छकड्या. आधी गट, मग सेमी, मग फायनल. तिकडं पैऱ्याला फार मान. पैरा हा मूळचा शेतीतला शब्द. माझा एक बैल, तुझा एक बैल, मिळून दोघांची रानं नांगरू. शर्यतीनं तो उचलला आणि जपला. महाराष्ट्रभर गाजलेली बकासुर आणि महिब्या ही जोडी घ्या, दोघांचे गोठे वेगळे, पण एका जुवाखाली आले.

माझी बहीण दौंड तालुक्यात दिलेली. दाजींकडं उजव्या खांद्याचा एक जबरदस्त बैल आहे, पण त्याला जोड मिळेना. श्रावणात ते पेढे घेऊन आले. बसले, जुवाकडं पाहिलं आणि म्हणाले, "मामा, हरण्या द्या मला हंगामापुरता. बक्षीस निम्मं-निम्मं."

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाव्हणं, आमचा हरण्या घाटात एकट्या गाड्याला पळालेला. शेजारनं दुसऱ्या छकड्या धावताना त्यानं कधी बघितल्या न्हाईत. कडेचा तास मिळाला तर पब्लिकला पळंल का?"

पब्लिकला पळणं म्हणजे गर्दीच्या अंगानं पळणं. गर्दीची भिंत, शिट्ट्या, उडणारे फेटे यांना न बुजता सरळ रेषेत राहणं. काही बैल जन्मतः ते करतात, काहींना कधीच जमत नाही. दाजींनाही हे माहीत होतं. ते म्हणाले, "मग तुमच्याच जुवाखाली बघू की. माझा बैल घेऊन येतो. जू काय म्हणतंय ते ऐकू."

मला ही मागणी फार आवडली. बोली नाही, व्हिडिओ नाही. दोन घरांनी एका लाकडाला साक्षी ठेवून निवाडा मागितला.

भादव्यातला पोळा आला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. आईनं गरम पाण्यानं बैलांचे खांदे शेकले, हळद आणि लोणी चोळलं. सोन्याच्या मानेवर, जिथं जू बसतं, तिथं घट्टा पडलेला आहे. आईचा हात तिथं थांबला. आबांनी जू खुंटीवरून काढलं आणि सोन्याच्या शेजारी उभं केलं. घट्टा आणि खाच, दोन्ही एकमेकांच्या मापाचे. मग ते थोरल्याकडं वळून म्हणाले, "सोन्या विकायचा न्हाई. एवढं धरून बाकीचं ठरवा."

या एका वाक्यानं हिशेब बदलला. सोन्या ठेवायचा म्हणजे नव्या बैलाला खुराकाचे पैसे उरत नाहीत. चाकणची वाट तिथंच बंद झाली. थोरला नाराज झाला, पण उलट बोलला नाही. त्यालाही म्हातारा झालेला राजा आठवत असणार.

आश्विनात रान वाळलं तेव्हा दाजी टेम्पोत बैल घालून आले. माळावर जोडी धरली. हरण्या डावीकडं, पाहुण्यांचा बैल उजवीकडं. आबा मागं उभे राहिले. पहिल्या खेपेला जू तिरकं गेलं, दुसऱ्या खेपेला थोडं कमी, तिसऱ्यांदा सरळ. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी फेट्याच्या शेवटानं पुसलं. दोन मैदानांपुरता पैरा ठरला. घाटाच्या बाऱ्यांना, म्हणजे शर्यतीतल्या फेऱ्यांना, दाजींचा बैल आमच्याकडं येईल, हेही त्यातच ठरलं.

कान्ह्याला सोन्याशेजारी डावीकडं धरलं, तर तो बाहेरच ओढत होता. बाजू बदलली, सोन्याला बाजूला ठेवून त्याला हरण्याशेजारी उजवीकडं उभं केलं आणि जू खांद्यावर ठेवलं. खोंड थरथरला, मग शांत झाला. तो उजव्या खांद्याचा निघाला. अजून एक-दोन वर्षं त्याला बारीत घालायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

जू आता खाली उतरलंय. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच हंगाम पळालेला बैल उभा आहे आणि ज्यांना या शनिवारी बाजार गाठायचा आहे, त्यांना माझं एकच सांगणं आहे: निघण्याआधी घरचं जू खाली काढा आणि त्याच्या खाचेवरून एकदा बोट फिरवून बघा.