एका नुक्त्याचा फरक

मागच्या वर्षी आपांच्या मुलाला झोजिला बोगद्याच्या कामावर नोकरी लागली. सोनमर्गच्या पुढे श्रीनगर-लेह रस्त्यावर होणारा हा सुमारे 13 किलोमीटरचा बोगदा. त्याची राहण्याची सोय मात्र डोंगरापलीकडे, द्रासच्या बाजूला. एटापल्लीत डिसेंबरात पारा दहाच्या आसपास आला की अंगणात शेकोटी पेटते. तिकडे उणे वीस हे हिवाळ्यात नवलाचे नाही. आपांनी जाड रजई भरून घेतली, लोकरीचे मोजे विणले. आम्ही दोघांनी आमची जुनी अल्टो त्याला देऊन टाकली. दुल्हेभाई गेल्यापासून या मुलासाठी आमच्या हातून फारसे काही झाले नव्हते.

गाडी दिली खरी, पण एक गोष्ट मनात खुपत होती. त्याच मे महिन्यात कोरचीचे लग्न आटोपून आम्ही परतत होतो. गाडीत पाच माणसे, डिकी सामानाने भरलेली. बेडगाव घाटात पुढे लादलेला ट्रक, त्यामुळे उतारभर ब्रेकवर पाय. अर्ध्या घाटात पेडल एकाएकी मऊ झाले आणि थेट तळाला टेकले. गाडी थांबेना. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक ओढत ओढत कशीबशी कडेच्या मुरमात थांबवली. सगळ्यांच्या ओठांवर कलमा. अर्ध्या तासाने पाहिले तर पेडल पुन्हा पहिल्यासारखे टणक! जणू काही घडलेच नाही. मग आम्हीही तसेच वागलो. शाळा सुरू झाली, पाऊस लागला, विसरून गेलो. विसरलो म्हणणेही खोटे आहे, खर्च टाळला.

ऑक्टोबरात भाचा निघायला आठ दिवस उरले, तेव्हा गाडी आलापल्लीच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली. नवे ऑइल फिकट पिवळे असते. आमचे काळ्या चहासारखे झालेले. "कधी बदललं होतं?" गाडी घेऊन चार वर्षे झाली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या सरांना गाठले. आम्ही भाषेची माणसे, विचारायला लाज कसली? ते म्हणाले, ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. बहुतेक गाड्यांतले हे द्रव्य हवेतला ओलावा शोषते. आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, वह्यांना बुरशी येते. तसाच ओलावा डबीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांतून हळूहळू आत शिरतो. डॉट 3 प्रतीचे नवे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या जवळपास पाणी मुरले की ती हद्द 140 पर्यंत खाली येऊ शकते. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळले, नळीत वाफ झाली. पाय वाफ दाबत राहिला आणि चाकांना काही कळले नाही. गार झाल्यावर वाफ विरली, पेडल परत आले. बेडगाव घाटाचे कोडे असे पाच महिन्यांनी सुटले, आणि त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

थंडीत मामला उलटा. तिथे ऑइल उकळण्यापेक्षा घट्ट होण्याची भीती. घट्ट झाले की पेडल जड लागते, दाब चाकापर्यंत उशिरा पोहोचतो, पाय उचलला तरी ब्रेक पटकन सुटत नाही. एबीएसच्या गाडीत तर ते बारीक झडपांतून क्षणात पळायला हवे. पाणी मुरलेले ऑइल थंडीत आणखी घट्ट होते. म्हणजे एटापल्लीचे चार पावसाळे आम्ही नकळत द्रासला पाठवत होतो.

भाच्याने स्वतःच एक बाटली मागवून ठेवली होती, डॉट 5. "खाला, सगळ्यात मोठा आकडा हाच." डॉट म्हणजे आम्हा उर्दूवाल्यांना आधी नुक्ताच आठवला. प्रत्यक्षात ती अमेरिकेच्या परिवहन खात्याची आद्याक्षरे. पण गंमत पाहा, खरा घोटाळा नुक्त्याचाच निघाला! डॉट 5 हे सिलिकॉनचे, आमच्या गाडीतल्या जुन्या ऑइलमध्ये न मिसळणारे. डॉट 5.1 मात्र डॉट 3 आणि 4 च्याच जातीचे. वर्गात आम्ही शिकवतो, नुक्ता वरचा खाली गेला की 'खुदा'चे 'जुदा' होते. इथे तो गळला असता तर नळ्यांत भलतेच द्रव्य गेले असते.

आकडा मोठा म्हणून थंडीला चांगले, हेही खरे नाही. उणे 40 अंशांना डॉट 3 चा घट्टपणा 1500 पेक्षा जास्त चालत नाही, डॉट 4 ला 1800 पर्यंत मुभा आहे, डॉट 5.1 ला फक्त 900. आकडा जितका कमी तितके पातळ. थंडीसाठी खास पातळ केलेले डॉट 4 सुद्धा असते, ते बाटलीवर लिहिलेले असते. नागपूरला कंपनीच्या सेवा केंद्रात फोन करून विचारले, आमच्या गाडीला 5.1 चालेल म्हणाले. तेच मागवले, सीलबंद. मिस्त्रींनी कोरड्या दिवशी सगळे जुने काढून, चारही चाकांची एअर काढून नवे भरले. उघडलेल्या बाटलीत उरलेले भाच्याबरोबर दिले नाही; तेही ओलावा पितेच. मात्र 5.1 आहे म्हणून निश्चिंत राहायचे नाही, ते दर दोन वर्षांनी बदलायला त्याला बजावले.

डिसेंबरात द्रासहून फोन आला. सकाळी पेडल पहिल्यांदा थोडे जड लागते, मग ठीक. हँडब्रेक मात्र एका रात्रीत गोठून चिकटला. आता तो गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतो. आपांनी फोन ओढून घेतला आणि मोजे घालतोस ना, एवढेच विचारले.

बेडगाव घाटातली गोष्ट आपांना आम्ही अजून सांगितलेली नाही. हा अंक त्यांच्या घरी दहा तारखेपर्यंत पोहोचतो.