गालातला घास

‘मुलांचं खाणं आणि मोबाईल यावर लिहा. पण मॅडम, तांत्रिक नको,’ असं संपादकांनी बजावलं. बावीस वर्षं मी लहान मुलांच्या दाढा तपासतेय. तांत्रिक वगळलं तर माझ्यापाशी आजींच्या तक्रारीच उरतात.

त्यातलीच एक आजी श्रावणात आली. नातू साडेचार वर्षांचा, दुधाच्या आठ दाढांपैकी सहा किडलेल्या. ‘गोडाला शिवत नाही हो. चॉकलेट तर घरात येतच नाही.’ आजी खोटं बोलत नव्हती. बाहेर अर्धा तास नातू एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात आंब्याच्या पेयाचा खोका घेऊन बसला होता. आत बोलावलं तेव्हाही खोका निम्मा भरलेला. ‘हे होय? हे फळाचं आहे.’

आता थोडं तांत्रिक, नाइलाज आहे. साखर तोंडात गेली की जंतू तिचं आम्ल करतात. काही मिनिटांत दातावरचा सामू 5.5 च्या खाली घसरतो आणि इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लाळ हे सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. स्टीफन यांचा 1940 च्या दशकातला हा आलेख आमच्याकडे शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही काढून दाखवतो. पेय एका दमात संपलं तर आलेखात एकच खड्डा. व्हिडिओ बघत तासभर चोखलं तर लाळेला उसंतच नाही. मोबाईल लावून भरवलं की मूल चावायचंच विसरतं. गालात तोबरा तसाच, बिस्किटाचा आणि वरणभाताचाही.

‘किती साखर’ की ‘किती वेळा’, ही माझी दुखरी नस. स्वीडनमधल्या व्हिपेहोमच्या संस्थेत 1945 पासून काही वर्षं मतिमंद रुग्णांवर प्रयोग झाले. जेवणासोबत साखर वाढवली, तेव्हा कीड फारशी वाढली नाही. मधल्या वेळी चिकट टॉफी दिली, तेव्हा भराभर वाढली. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांचे दात किडू दिले. वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्याच निष्कर्षावर मी रोज सल्ले देते. माझी आहारतज्ज्ञ मैत्रीण मात्र चिडते. ‘तुझं ऐकून लोक जेवणासोबत बाटली रिचवतील! 250 मिलीत पंचवीसेक ग्रॅम साखर असते, मोठ्यांचासुद्धा दिवसाचा कोटा तेवढाच.’ तिचंही खरंच आहे. तिला रक्त दिसतं, मला दाढ.

‘दुधाचेच दात, पडणारच की’ हे वाक्य मात्र आता ऐकवत नाही. मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत चावायला लागते हो!

असल्या खाण्यापिण्याच्या जाहिरातींवर आणि विक्रीवर नियम आहेत. लहान मुलांच्या वाहिन्यांवर आणि कार्यक्रमांत चिप्स, कोल्ड्रिंकच्या जाहिराती नकोत, असं 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असलं काही विकू नये, हा नियम त्याआधीचा. पण मोबाईल फाटकाच्या आत धरायचा की बाहेर? मूल आईच्या खात्यावरून कार्टून बघतं, म्हणजे यंत्राच्या लेखी ती बत्तीस वर्षांची बाई. पूर्वी वाण्याच्या दुकानापर्यंत चालता चालता हट्ट विरायचा. आता दहा मिनिटांत पिशवी दारात.

हे सगळं मी तावातावाने आजीला ऐकवलं. पण माझ्याच खुर्चीच्या वर, छताला स्क्रीन आहे. कार्टून लावलं की सुई टोचलेली कळत नाही. नातवाची पहिली दाढ भरत होते आणि मध्येच एक बाटली नाचत आली. तोंड उघडं, डोळे वर, हलायची सोय नाही. इतका एकाग्र प्रेक्षक कुठल्या कंपनीला मिळेल?

त्याच रात्री मी जाहिराती न दाखवणारं वर्गणीचं खातं घेतलं. परवा तो दुसऱ्या दाढेसाठी आला, आपणहून आडवा झाला आणि वर बघत म्हणाला, ‘डॉक्टरमावशी, ते नाचणाऱ्या बाटलीचं लाव ना.’