फुलबाजार, ५० एमएममधून

फोटोग्राफीच्या वर्कशॉपऐवजी मी खासगी शिकवणी लावली. सरांची अट एकच: झूम नाही, फक्त ५० एमएमची लेन्स! पहिला क्लास रविवारी पहाटे, दादरच्या फुलबाजारात. पिवळ्या बल्बखाली पांढरी शेवंतीही पिवळी येते; व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर नेला, की तिचा रंग परततो. हार ओवणारे हात धूसर नकोत म्हणून शटर १/१२५, त्यासाठी आयएसओ १६००. एवढं तर मॅन्युअल वाचूनही जमतं. पण झूम नसला, की माणसाजवळ जावंच लागतं, बोलावं लागतं.

‘मावशी, फोटो काढू?’

‘काढ, पण आधी वाट सोड!’

रोज हाच बाजार ओलांडून लोकल गाठतो मी. बोललो मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. फी तिथेच वसूल. जाणार असाल, तर उजाडायच्या आत पोचा.