फिल्टर हलव, पंप राहू दे

चि. सोन्या,


पेट्रोल फिल्टरबद्दल तू जे विचारलंस ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुझी १९८९ची टोयोटा पिकअप आणि तिचं २२ आरई इंजिन ही जोडी अमेरिकेतल्या डोंगरवाटांवर गाड्या नेणाऱ्यांच्या अजून जिव्हाळ्याची आहे. २,३६६ सीसीचं, चार सिलिंडरचं, बिडाच्या ब्लॉकचं हे इंजिन १९८०च्या दशकाच्या मध्यापासून १९९५पर्यंत पिकअपला आणि फोररनरला बसत होतं. इतर देशांत हायलक्स म्हणून विकली जाणारी हीच गाडी अमेरिकेत नुसती 'पिकअप' होती. इंजिन दणकट असल्याची ख्याती खरी आहे. मात्र त्याचा पेट्रोल फिल्टर बदलायला बसलेल्या माणसाला काही काळ त्या ख्यातीचा विसर पडतो.

हा फिल्टर ब्लॉकच्या उजव्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखाली बसवलेला आहे. त्याच बाजूला ऑइल फिल्टर आहे आणि स्टार्टरही. बोनेट उघडून वरून पाहिलं तर मॅनिफोल्ड, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि वायरिंग यांच्या गर्दीत तो दिसतच नाही. जाणते मेकॅनिक गाडी घोडीवर घेतात, पुढचं उजवं चाक काढतात, चाकाच्या खोबणीतला रबरी पडदा बाजूला करतात आणि लांब दांड्याला गोटी लावून तिथून हात घालतात. फिल्टरची एक नळी बँजो बोल्टने धरलेली असते, दुसरी नटाने. तीस-पस्तीस वर्षांच्या गंजाने नट धरून ठेवला की साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. पेट्रोलच्या नळीसाठी मिळणारा, एका बाजूला फट असलेला रिंग पाना इथे हवाच.

टोयोटाच्या अभियंत्यांनी तो मुद्दाम अडगळीत टाकला असं समजू नकोस. त्या जागेला कारणं आहेत. एका बाजूला ब्लॉक आणि वर मॅनिफोल्ड असल्याने दगड तिथे पोहोचत नाही आणि समोरून टक्कर झाली तरी फिल्टर सहसा चिरडत नाही. या इंजिनाचा एक्झॉस्ट डाव्या अंगाला आहे, म्हणजे फिल्टर त्यामानाने थंड बाजूला आला. शिवाय तो इंजिनावरच घट्ट बसलेला असल्यामुळे इंजिन हललं की तोही सोबत हलतो आणि फिल्टरपासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीवर ताण येत नाही. फिल्टर हलवायचा तर या तिन्ही गोष्टींची सोय नव्या जागी आपल्याला करावी लागते. जागा बदलणाऱ्यांपैकी बरेच जण फक्त हात सहज पोहोचतो का एवढंच पाहतात. माझा आक्षेप तेवढ्यावरच आहे.

इतर गाड्यांत हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. चेरोकी एक्सजे जीपचा फिल्टर १९९६पर्यंत चेसीच्या पट्टीवर, टाकीजवळ होता. १९९७पासून तो टाकीतल्या पंपाच्या जोडणीतच गेला. जुन्या रेंज रोव्हरचा फिल्टर मागच्या उजव्या चाकाजवळ चेसीला लटकतो. हात लगेच पोहोचतो, पण चिखल आणि पाणीही तितक्याच सहज पोहोचतं, आणि त्याचे नट गंजून बसतात. टोयोटाच्याच ८० सिरीज लँड क्रूझरमध्ये पेट्रोल इंजिनाचा फिल्टर पुन्हा मॅनिफोल्डखालीच सापडतो. आपल्याकडच्या टाटा आणि लेलँडच्या जुन्या ट्रकांवर मात्र दोन वाट्यांचे डिझेल फिल्टर इंजिनाच्या बाजूला उघडे दिसायचे. वाटीतलं पाणी सोडणं किंवा इंजिनाने एअर पकडली की हातपंप मारून ती काढणं, हे ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला स्वतः करायचे. वाटेतलं डिझेल कसं असेल याचा भरवसा नसलेल्या देशात ही जागा योग्यच होती.

तुझ्या गाडीलाही हाच न्याय लागू होतो. यूटामधल्या कॅनियनलँड्समध्ये व्हाइट रिम रोड सुमारे १०० मैलांचा आहे आणि वाटेत पेट्रोल मिळत नाही. अशा ठिकाणी जुन्या लोखंडी टाकीतला गंज किंवा कॅनमधून आलेला गाळ फिल्टरमध्ये अडकला, तर चाक काढून, उताराच्या रेतीत घोडी लावून त्या खोबणीत हात घालणं धोक्याचं आहे. पेट्रोलमधल्या १० टक्के इथेनॉलने जुन्या टाकीच्या भिंतीवरचा थर सुटतो, तो वेगळाच. (भारतात आता २० टक्क्यांचं पेट्रोल आलं आहे, इकडच्या जुन्या जिप्सीवाल्यांनाही नळ्यांचं रबर तपासत राहावं लागतं.) फिल्टर हलवण्याचं खरं कारण हे एवढंच: रानात, चाक न काढता, दोन पान्यांनी तो बदलता आला पाहिजे. गाडी फक्त शहरात फिरत असती तर मी तुला जुन्या जागीच नवा फिल्टर बसवून मोकळा हो म्हटलं असतं.

आधी दाब मोजून घे. चढावर गाडी दम टाकते म्हणून फिल्टरला दोष देणारे खूप, गेज लावणारे कमी. या इंजिनात पंप चालू आणि इंजिन बंद असताना दाब ३८ ते ४४ पीएसआय असायला हवा. पंप असा नुसता चालवायला बोनेटखालच्या तपासणीच्या जोडणीत एफपी आणि +बी ही दोन टोकं वायरने जोडून इग्निशन ऑन करायचं. आकडा बरोबर आला आणि चढावर जोर लावतानाही टिकला, तर दुखणं दुसरीकडे आहे. तेव्हा हातात घेतलेलं फिल्टरचं काम निव्वळ सोयीसाठी आहे हे तुला माहीत असेल.

आता नळी. बहुतेक आगी इथे लागतात, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत नळीत जेमतेम चार-पाच पीएसआय दाब असतो. तुझ्या गाडीत त्याच्या जवळपास दहापट. दुकानात मिळणाऱ्या साध्या रबरी नळीवर एसएई '३० आर ७' छापलेलं असतं आणि तिची मर्यादा ५० पीएसआय. ४४ हा आकडा ५० च्या आत बसतो म्हणून ती चालेल असं पुष्कळांना वाटतं. उष्णता, वय आणि इथेनॉल यांनी त्या सहा पीएसआयच्या फरकात काही उरत नाही. इंजेक्शनसाठीची नळी '३० आर ९' घे; तिचा दाब किमान दुप्पट धरलेला असतो आणि आतला थर फ्लुओरो रबराचा असतो. क्लिपही फिरकीच्या पट्टीची, खाचा असलेली नको, ती नळीत रुतून रबर कापते; कडा वळवलेली, पूर्ण गोल आवळणारी इंजेक्शनची क्लिप घे. लोखंडी नळी कापलीस तर तिच्या टोकाला फुगवटा काढून घे, नळी त्याच्या बरीच पुढे जाऊ दे आणि क्लिप फुगवट्याच्या मागे आवळ. सपाट टोकावर सरकवलेली नळी ४० पीएसआयला कधी निसटेल सांगता येत नाही.

फिल्टर मूळ टोयोटाचाच ठेव. तो मोठा आहे, या दाबासाठी बनवलेला आहे आणि पुढेही मिळत राहील. त्याच्या दोन्ही टोकांना त्याच आट्याचे, नळी जोडता येणारे तयार तुकडे मिळतात. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे वॉशर दर वेळी नवे घाल, कारण ते एकदाच दबतात. बोल्ट सुमारे ३० न्यूटन-मीटरला आवळ. जास्त जोर लावल्याने गळती थांबत नाही, आटे जातात. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे.

जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर उजवीकडे, किंवा उजव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर मागच्या अंगाला. चेसीच्या बाहेरच्या बाजूला मुळीच नको. खडकावर गाडी घसरली की पहिला मार तिथेच बसतो. बॅटरीच्या टोकांवर किंवा स्टार्टरवर गळती टपकेल अशा रेषेतही नको. आता फिल्टर केबिनच्या अंगाला स्थिर आणि इंजिन आपल्या माउंटिंगवर डुलणारं, तेव्हा दोघांमधल्या नळीला पुरेशी ढील आणि वळण हवं. इंजिन चालू असताना कुणाला तरी अॅक्सिलरेटर मारायला सांग आणि इंजिन किती कलतं ते डोळ्यांनी पाहा. तेवढी जागा नळीला सोड. ती थ्रॉटलच्या तारेला किंवा कुठल्याही पत्र्याच्या धारेला घासता कामा नये.

पंप बाहेर काढून चेसीवर बसवायचा विचार मात्र सोडून दे. पंप टाकीत आहे, पेट्रोलमध्ये बुडालेला, म्हणून तो थंड राहतो आणि ढकलतो. बाहेर आला की त्याला ओढावं लागतं. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी होतो आणि गरम पेट्रोल तिथे वाफ धरतं. कोलोरॅडोत इमोजीन पासवर तू १३,११४ फुटांवर असशील. तिथे हवेचाच दाब कमी, म्हणजे पेट्रोल आणखी लवकर उकळणार. वसंतात पहिल्याच उन्हाच्या दिवशी टाकीत हिवाळ्याचं, लवकर उडणारं पेट्रोल शिल्लक असेल तर आणखीच.

त्याहून गंभीर बाब वायरिंगची. २२ आरईमध्ये हवा मोजणाऱ्या डब्यात एक स्विच आहे. इंजिन हवा ओढत असेल तेव्हाच तो पंपाला चालू ठेवतो. गाडी उलटली आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडतो. बाहेर पंप बसवणारे पुष्कळदा त्याची वायर थेट इग्निशनला जोडतात. मग उलटलेल्या गाडीत, फुटलेल्या नळीतून, कुणी चावी फिरवेपर्यंत पंप पेट्रोल ओतत राहतो. सोयीसाठी हा स्विच गमवायचा नाही.

पंपापर्यंत पोहोचण्याची चांगली वाट तुझ्या गाडीत आहेच. पिकअपचा हौदा मोजक्या मोठ्या बोल्टांनी चेसीला धरलेला आहे. पेट्रोल भरायच्या तोंडाचे स्क्रू, मागच्या दिव्यांची जोडणी आणि अर्थिंगची वायर सोडली की तो उचलता किंवा कलता करता येतो आणि टाकीचा माथा समोर येतो. लँड रोव्हरने डिस्कव्हरीच्या मागच्या फरशीत पंपासाठी झाकणच दिलं आहे. फोररनरवाल्यांना हौदा वेगळा नसल्याने टाकीच उतरवावी लागते, म्हणून काही जण फरशी कापून तसं झाकण करतात. टाकी जागेवर असताना ग्राइंडर लावणं हा मूर्खपणा आहे, हे कुणाही फोररनरवाल्या मित्राला सांग. आणि टाकीच्या आतली नळी बदललीस तर ती '३० आर १०'च घे. बाहेरची नळी पेट्रोलात बुडवून ठेवली की तिचं वरचं रबर फुगून सुटतं.

काम थंड इंजिनावर कर. पंपाची जोडणी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव, मग बॅटरीची ऋण वायर सोड, आणि बोल्ट कापडाखाली हळूहळू सैल कर. थोडं पेट्रोल तरीही उडतंच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. बंद गॅरेजमध्ये गीझर चालू असेल तर काम अंगणात ने. तापणारा उघडा बल्ब नको, एलईडीचा दिवा घे, आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी असू दे.

जोडणी झाल्यावर लगेच इंजिन मारू नकोस. एफपी आणि +बी ही तीच दोन टोकं जोडून पंप पाच मिनिटं चालव आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धर. मग गाडी गरम कर, रात्रभर थंड होऊ दे, सकाळी क्लिपा पुन्हा एकदा तपास आणि गेजचा आकडा मला कळव. पंपाचं काम सध्या काढू नकोस. मे महिन्यात मी तिकडे येतोच आहे, हौदा तेव्हा उचलू. बोल्टांवर आतापासून दर रविवारी गंज सोडवणारं तेल मारत जा.

तुझा,
काका