बेटांच्या वाटा

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फार दूरचे चित्र उभे राहते. निळाशार समुद्र, माडांची दाटी, पांढरी वाळू आणि तेथे पोहोचण्यासाठी मोठे जहाज, नाही तर विमान! अंदमान, लक्षद्वीप, जावा, सुमात्रा ही नावे भूगोलाच्या पुस्तकात वाचताना मलाही असेच वाटत असे. भिवंडीजवळच्या आमच्या टेमघरात समुद्र कोठून दिसणार? तेथे कानांवर पडतो तो यंत्रमागांचा खडखडाट आणि कल्याणच्या रस्त्याने धावणाऱ्या मालमोटारींचा घरघराट. लाटांचा आवाज ऐकायचा, तर तो मनातच ऐकावा!

एके दिवशी ठाणे जिल्ह्याचा नकाशा न्याहाळताना मात्र मी चकित झालो. ज्या उल्हास नदीचे पाणी टेमघरच्या केंद्रात शुद्ध होऊन घरोघर जाते, तीच नदी ठाण्याच्या उत्तरेने वळसा घालून वसईजवळ समुद्राला मिळते. ठाण्याजवळ एका चिंचोळ्या प्रवाहाने ती ठाण्याच्या खाडीलाही जोडलेली आहे. वसईची खाडी, ठाण्याची खाडी आणि पश्चिमेचा अरबी समुद्र यांनी वेढलेल्या भूमीचे नाव साष्टी. म्हणजे साष्टी हे चक्क बेट आहे! भिवंडीहून निघालेली एस. टी. कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याकडे जाते, तेव्हा तिच्यातील प्रत्येक उतारू मुख्य भूमी सोडून बेटावर पाऊल ठेवीत असतो. मात्र ते त्याच्या गावीही नसते. खुद्द मुंबईही एके काळी सात बेटांची होती. मधल्या खाड्या बुजवून ती बेटे एक झाली आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध पुरा झाल्यावर मुंबई व साष्टी यांच्यामधील होडीची वाट तेथे संपली.

बेटे इतकी जवळ असतील, तर ती पाहिल्यावाचून कसे राहावे? मी ठरविले की, सुट्टी मिळेल तेव्हा पाठीवर एक पिशवी टाकून निघायचे, जमिनीवर एस. टी.ने जायचे आणि पाण्यावर गावकऱ्यांच्या होडीने. सोबत कोणी घ्यायचे नाही. एकटा प्रवासी गर्दीतही सहज सामावतो आणि बोलायला कोणी नसल्यामुळे अनोळखी माणसांशी बोलू लागतो, हा माझा अनुभव. पिशवीत दोन कपडे, एक पंचा, पाण्याची बाटली, दशम्या आणि एक छोटे पंचांग एवढेच सामान असे. पंचांग कशासाठी, ते पुढे येईलच.

पहिली फेरी अर्नाळ्याची. अंजूर फाट्यावरून कामण–चिंचोटीच्या रस्त्याने वसई, तेथून विरार आणि विरारहून अर्नाळा, असा गाड्या बदलीत मी किनाऱ्याला लागलो. समोर पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला दिसत होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. बेटावर किल्ल्याच्या आसऱ्याने कोळ्यांची वस्ती आहे. किनारा ते बेट हे अंतर होडीने जेमतेम दहा मिनिटांचे. पण होडीपर्यंत जाण्यासाठी गुडघाभर पाण्यातून चालावे लागले. माझ्यापुढे काही शाळकरी मुले होती. त्यांनी सराईतपणे चपला हातात घेतल्या, दप्तरे डोक्यावर धरली आणि पाण्यातून चालत जाऊन ती होडीत चढली. आपण जसे गल्ली ओलांडून शाळेला जातो, तशी ती समुद्र ओलांडून जात होती.

त्या दिवशी पौर्णिमा होती. किल्ला पाहून, बुरुजावरून तासभर समुद्र न्याहाळून मी सायंकाळी परत किनाऱ्याकडे आलो, तो पाणी कितीतरी मागे हटलेले! सकाळी जेथे लाटा उसळत होत्या, तेथे ओली वाळू उघडी पडली होती आणि चार-पाच होड्या तिच्यावर कलंडून पडल्या होत्या. इतक्यात वस्तीतून माणसे लगबगीने येताना दिसली. एका बाईच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांचा मुलगा होता. त्याचे अंग तापाने फणफणले होते आणि मान एका बाजूला कलली होती. त्याला पलीकडे डॉक्टरांकडे न्यायचे होते. वाळूत रुतलेली होडी पाहून माझ्या मनात धस्स झाले. भरती येईपर्यंत काय करायचे? तेवढा वेळ त्या लेकराजवळ होता का?

माणसांच्या पुढे एक वृद्ध नाखवा चालत होता. त्याने वाळूतल्या होड्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. तो सरळ पाण्याच्या दिशेने चालू लागला. दूरवर, जेथे अजून खोल पाणी होते, तेथे त्याची एक होडी नांगरलेली होती. आम्ही त्याच्यामागून निघालो. आईच्या हातातले गाठोडे मी घेतले. मुलाला एका तरुणाने उचलून घेतले. कमरेइतक्या पाण्यातून त्याला हातोहात होडीत चढविण्यात आले. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी हुकूमही सोडला नाही. प्रत्येकाला आपले काम ठाऊक होते. दहा मिनिटांत होडी पलीकडे लागली, रिक्षा मिळाली आणि मायलेकरे दिसेनाशी झाली.

मी नाखव्याला विचारले, “नाखवा, होडी आधीच खोल पाण्यात ठेवायची, हे तुम्हांला कसे सुचले?”

तो म्हणाला, “दादा, आज पुनव. पुनवेला दुपारी बाराच्या सुमारास भरती, तर सांजेला सहाच्या सुमारास सुकती. त्यात उधाणाचे दिवस. पाणी जितके चढते, तितकेच उतरते. दुखणे काय सांगून येते? एक होडी पाण्यात ठेवावीच लागते.”

मग त्याने मला कोकणातला जुना हिशोब सांगितला. तिथीच्या अंकाला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. जे उत्तर येईल, ती भरतीची साधारण वेळ. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्र दररोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच उशिरा येते, म्हणून हा हिशोब जुळतो. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकत्र होते, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास पाणी थोडेच चढते-उतरते, त्याला भांग म्हणतात. शाळेत मी भरती-ओहोटीची कारणे पाठ केली होती. परंतु त्या ज्ञानावर एखाद्या मुलाचा जीव अवलंबून असतो, हे मला त्या सायंकाळी कळले. तेव्हापासून माझ्या पिशवीत एस. टी.च्या वेळापत्रकाबरोबर पंचांगही असते.

ते लवकरच कामास आले. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि तेथून एस. टी.ने अलिबाग असा मी गेलो. याच वाटेवर १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. लाँच त्या बाजूने जात असता एका म्हाताऱ्या उतारूने पाण्याकडे पाहून हात जोडले. त्याला काही विचारण्याची गरज मला वाटली नाही. दुसऱ्या दिवशी पंचमी होती. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा. भागिले चार, पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, तर पावणेदहाला ओहोटी. मी साडेनऊला अलिबागच्या किनाऱ्यावर उभा राहिलो आणि कुलाबा किल्ल्याकडे पायीच चालत गेलो. हिशोब बरोबर ठरल्याचा आनंद परीक्षेतल्या गुणांपेक्षाही मोठा होता!

पुढच्या सुट्ट्यांत मी दक्षिणेकडे सरकत गेलो. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला फेरीबोटीने खाड्या ओलांडल्या. या बोटींवर मोटारी, दुचाक्या, मासळीच्या पाट्या, लग्नाचे वऱ्हाड आणि माझ्यासारखा एकटा प्रवासी, असे सर्व एकाच फळीवर उभे असतात. पैलतीरी उतरावे, गावच्या थांब्यावर बसावे आणि लाल गाडीची वाट पाहावी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस. टी. धावली, आज ती कोकणातल्या आडवळणाच्या गावांपर्यंत जाते. ‘गाडी येईल ना?’ असे मी थांब्यावरच्या एका आजींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “येईल हो. वेळ होईल, पण येईल.” आणि ती आली.

मालवणला पोहोचलो, तेव्हा समोर सिंधुदुर्ग होता. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचा पाया घातला आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. मला सर्वांत नवल वाटले, ते तेथील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे. चोहोंकडे खारा समुद्र आणि मध्ये गोड पाणी! बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते वर तरंगत राहते. उपसा बेताने केला, तरच ते टिकते. अधिक उपसले, तर खालून खारे पाणी वर येते. घरी तोटी फिरवली की पाणी येते, म्हणून मी त्याची कधी मोजदाद ठेवली नव्हती. बेटावरच्या माणसाला मात्र पोहऱ्यागणिक हिशोब ठेवावा लागतो.

घारापुरीची गोष्टही अशीच. मुंबईहून लाँचने तासाभराच्या अंतरावर असलेल्या या बेटावरील लेणी १९८७ पासून जागतिक वारशात गणली जातात. तेथील सुमारे वीस फूट उंचीची त्रिमूर्ती पाहण्यासाठी देशोदेशींचे लोक येतात आणि शेवटच्या लाँचने परत जातात. मागे उरतात ती बेटावरची माणसे. समोर मुंबईचे लक्षावधी दिवे झगमगत असताना त्यांना कायमच्या विजेसाठी फेब्रुवारी २०१८ पर्यंत थांबावे लागले. समुद्राच्या तळातून तार आली, तेव्हा त्यांच्या घरांत दिवे लागले.

बालमित्रांनो, बेट म्हणजे चोहोंकडून पाण्याने वेढलेला भूभाग, अशी व्याख्या आपण पाठ करतो. ती खरी आहे. पण मला ती अपुरी वाटते. बेटावरची माणसे पाण्यामुळे तुटलेली नसतात. उलट ती एकमेकांशी अधिक घट्ट बांधलेली असतात. तेथे एकाची होडी ही सर्वांची होडी असते आणि एकाचे दुखणे सर्वांचे असते. मी प्रत्येक वेळी एकटा निघालो, पण होडीत चढताना हात देणारा कोणीतरी नेहमीच भेटला. असा हात घ्यायला आणि वेळ आली म्हणजे द्यायला शिकायचे असेल, तर फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. तुमच्या गावाहून सुटणारी पहिली एस. टी. पकडा; तिच्या वाटेवर कोठे ना कोठे पाणी लागेल आणि पाण्यापलीकडे माणसे भेटतील.